सँडविचच्या अर्लला माफी मिळाली, निवाडा नाही

एखाद्या शूर सेनाधिकाऱ्याच्या नावावर पैशांचा गैरव्यवहार निघाला की चर्चा ठरलेल्या वळणानं जाते. एक जण म्हणतो, कायदा सगळ्यांना सारखा. दुसरा म्हणतो, अहो, त्यानं देशासाठी जीव पणाला लावलाय, चार पैसे इकडचे तिकडे झाले तर काय बिघडलं? मग तिसरा, बहुधा सत्तेच्या जवळचा, तोडगा काढतो: गवगवा नको, मानानं दुसरीकडे पाठवून देऊ. मला हा तिसरा तोडगाच सर्वांत घातक वाटतो. तो का घातक आहे, हे सतराव्या शतकातल्या इंग्लिश आरमाराच्या एका सेनापतीच्या कारकिर्दीत लख्ख दिसतं. त्याचं नाव एडवर्ड माँटेग्यू, सँडविचचा पहिला अर्ल, म्हणजे सरदार. (खायच्या सँडविचला ज्याचं नाव चिकटलं तो याच घराण्यातला चौथा अर्ल, बराच नंतरचा.)

माँटेग्यूचा जन्म १६२५ चा. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा तो पार्लमेंटच्या बाजूनं उभा राहिला. मार्स्टन मूर आणि नेझ्बी या दोन्ही लढायांत तो लढला, आणि नेझ्बीच्या वेळी त्याला वीसही पूर्ण झाली नव्हती. पार्लमेंटचा सेनानी आणि राजाच्या पाडावानंतर देशाचा सत्ताधीश झालेला क्रॉमवेल, त्याचा तो विश्वासातला माणूस. १६५६ मध्ये क्रॉमवेलनं त्याला रॉबर्ट ब्लेक या मुरलेल्या सेनापतीच्या जोडीनं आरमाराचा सेनापती नेमलं. घोड्यावरून थेट जहाजावर! पण माणूस हुशार होता. दर्यावर्दी विद्या त्यानं मनापासून आत्मसात केली, आणि ब्लेक गेल्यावर क्रॉमवेलच्या आरमारातला तो प्रमुख माणूस ठरला. क्रॉमवेलही गेला, प्रजासत्ताक डळमळू लागलं, तेव्हा माँटेग्यूनं वारा ओळखला. १६६० च्या मे महिन्यात दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडहून परत आणणारा ताफा त्याच्याच हुकमतीखाली होता. राजा ज्या जहाजातून आला त्याचं नाव ‘नेझ्बी’. राजाच्या बापाच्या पराभवाचं नाव राजाच्याच जहाजावर कसं चालेल? किनाऱ्यावरच ते बदलून ‘रॉयल चार्ल्स’ झालं. माँटेग्यूला अर्लपद मिळालं, गार्टर या सर्वोच्च सरदारी सन्मानाचा तारा मिळाला, आणि राज्य पालटलं तरी त्याचं आसन हललं नाही.

मुंबईकरांचा या माणसाशी एक धागा जुळतो, तो सहसा कुणी सांगत नाही. १६६१ च्या तहात पोर्तुगालनं राजकन्या कॅथरिनबरोबर मुंबई बेट आंदण दिलं, हे आपण शाळेत शिकलो. त्या वधूला लिस्बनहून आणायला गेला होता तो हाच सँडविच. वाटेत त्यानं आंदणातलं दुसरं ठाणं, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर, ताब्यात घेतलं, आणि १६६२ च्या मे महिन्यात राणीला ‘रॉयल चार्ल्स’वरूनच पोर्टस्मथला उतरवलं. कबूल केलेली रोकड द्यायला पोर्तुगालच्या खजिन्यात पैसा नव्हता. रोकडीच्या बदल्यात साखर आणि मसाले जहाजांत भरले गेले. मुंबई ताब्यात घ्यायला निघालेला दुसरा ताफा अर्ल ऑफ मार्लबरोचा. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट द्यायला नकार दिला, इंग्लिश शिपायांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले, तिथे त्यांचा प्रमुख शिपमनसकट अनेक जण मेले, आणि अखेर १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईवर इंग्लिश निशाण लागलं. मार्लबरो तोवर इंग्लंडला परतला होता. त्याच वर्षी जूनमध्ये तो डचांशी लढताना पडला.

ती लढाई लोस्टॉफ्टची, तारीख ३ जून १६६५. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क सरसेनापती, सँडविच एका तुकडीचा प्रमुख. डचांची रांग फोडून आत घुसणाऱ्यांत तो आघाडीवर होता. छापील वृत्तांतांत मात्र त्याच्या कामगिरीला फारशी जागा मिळाली नाही आणि ते त्याला लागलं. पुढे ड्यूक मागे सरला आणि ताफा सँडविचच्या हाती आला. ऑगस्टमध्ये नॉर्वेतल्या बर्गन बंदरात आसऱ्याला आलेल्या डच व्यापारी ताफ्यावर त्याच्या हुकमानं हल्ला झाला, पण किल्ल्यावरच्या डॅनिश तोफांनी (नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होता) इंग्लिश जहाजांची दाणादाण उडवली. सप्टेंबरमध्ये दैव फिरलं. वादळात पांगलेली डच जहाजं त्याच्या हाती लागली, आणि त्यांत डच ईस्ट इंडिया कंपनीची दोन मोठी गलबतं होती, पूर्वेकडच्या मालानं काठोकाठ भरलेली.

पुढे जे घडलं त्यासाठी त्या काळचा नियम माहीत हवा. पकडलेल्या शत्रूच्या जहाजावर वरच्या मजल्यावर जे सुटं सापडेल ते खलाशांचं, हा जुना रिवाज होता. पण जहाजाच्या पोटातल्या मालाला कुणी हात लावायचा नाही. झाकणं बंद ठेवायची, जहाज बंदरात आणायचं, नौन्यायालयानं ते कायदेशीर लूट म्हणून जाहीर केलं की मग मोजदाद, लिलाव आणि वाटणी. राजाचा हिस्सा, सेनापतीचा हिस्सा, खलाशांचा हिस्सा, सगळं त्या मोजदादीवर अवलंबून. पोट आधीच फोडलं तर मोजायचं काय आणि वाटायचं काय?

सँडविचनं पोट फोडलं. न्यायालयाची वाट न पाहता, राजाची मंजुरी हातात पडण्याआधीच, त्यानं रेशीम, मसाले आणि इतर माल स्वतःला आणि आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना वाटायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं होतं की राजा बक्षीस देणारच आहे, हे त्यातलंच आगाऊ समजा. काही अधिकाऱ्यांनी आपला वाटा घ्यायला नकार दिला. मला या नकाराचं मोल फार वाटतं, कारण ‘तेव्हा सगळेच तसं करायचे’ या सबबीतली हवा तिथेच निघून जाते. सगळे तसं करत नव्हते. त्याच ताफ्यात, त्याच दिवशी, त्याच मोहासमोर उभं राहून नाही म्हणणारे होते.

त्या मालाचं पुढे काय झालं, हे आपल्याला कळतं ते सॅम्युअल पीप्समुळे. पीप्स सँडविचचा नातलग, त्याच्याच वशिल्यानं नौदल कचेरीत चिकटलेला, आणि रोजनिशी लिहिणारा. या मालातला बराचसा त्यानं एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत विकत घेतला होता, त्यामुळे तो साक्षीदार होता तसा वाटेकरीही होता. लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं होतं म्हणून कचेरी ग्रिनिचला हलवलेली. ७ ऑक्टोबर १६६५ ची त्याची नोंद मी कितीदा वाचली तरी मन शांत राहत नाही. कचेरीत काम फारसं झालं नाही, तो लिहितो, कारण पगार न मिळाल्यानं उपाशी रस्त्यांवर पडलेल्या खलाशांची गर्दी आणि त्यांचा आक्रोश. दुपारी साहेबमंडळी त्यांच्यातून वाट काढत निघाली तेव्हा शंभरेक जण मागे लागले. कुणी शिव्याशाप देत होते, कुणी हात जोडत होते. आणि त्याच नोंदीत, त्याच दिवशीच्या रात्रीचं: रॉचेस्टरहून मालाच्या दोन गाड्या आल्या, त्या आत घेत असताना जकातीचे दोन अधिकारी आले आणि त्यांनी माल अडवला.

एकाच गावात, एकाच दिवशी! ज्यांनी ती गलबतं पकडली त्यांच्यासारखेच खलाशी रस्त्यावर उपाशी, आणि गलबतांतला माल रात्रीच्या अंधारात साहेबांच्या घरी.

महिन्याभरानं, १६ नोव्हेंबरला, पीप्सला त्या गलबतांपैकी एकाच्या पोटात उतरवून माल दाखवण्यात आला. मिऱ्यांचा सडा प्रत्येक फटीतून पडलेला, पायाखाली चुरडला जात होता. लवंगा आणि जायफळांतून तो गुडघ्यांच्या वरपर्यंत रुतून चालला, खोल्याच्या खोल्या भरलेल्या. रेशमाचे गठ्ठे, तांब्याच्या पत्र्यांच्या पेट्या. जगातली एवढी मोठी दौलत अशी अस्ताव्यस्त पडलेली त्यानं पूर्वी पाहिली नव्हती. ज्या घरांत जायफळ मोजून काढलं जातं आणि लवंगांची डबी कुलपात असते, त्या घरांतल्या वाचकांना हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. वरच्यांनी झाकण उघडलं की खालच्यांना अडवायला तोंड उरत नाही. चोरी झाली, नासधूस झाली, आणि नक्की किती माल होता ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

सँडविचला हे कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. १६५६ मध्ये स्टेनर या इंग्लिश कप्तानानं स्पेनची चांदीनं भरलेली जहाजं पकडली, तेव्हा ती चांदी मायदेशी आणण्याचं काम माँटेग्यूकडेच होतं. झटापटीतच लोकांनी इतकं लुबाडलं की ते परत मिळवणं अशक्य आहे, असं तेव्हा त्यानं स्वतः सरकारला कळवलं होतं. मोजदादीआधी हात मारला की सरकारचं काय नुकसान होतं, हे त्यानं नऊ वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता त्याच्या बाजूनं जे बोललं जातं ते ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे. राज्य त्याचं देणं लागत होतं. मोठ्या पदाचा खर्च पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या खिशातून करायचा आणि नंतर भरपाईची वाट बघत बसायचं, हीच तेव्हाची रीत, आणि सँडविच कर्जात होता. दरबारात त्याचे शत्रू होते, त्यांना निमित्त हवंच होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे युद्ध चालू होतं आणि अनुभवी सेनापती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याला दूर केल्यावर १६६६ साली ताफा राजपुत्र रूपर्ट आणि ड्यूक ऑफ आल्बेमार्ल या दोघांकडे सोपवला गेला, त्यांची ताकद विभागली गेली आणि जूनमधल्या चार दिवसांच्या लढाईत इंग्लिश आरमाराचा जबर पराभव झाला. सँडविच असता तर? या प्रश्नाला ठाम उत्तर नाही, पण तो विचारणं रास्त आहे.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो की यातला एकही मुद्दा चौकशी न करण्याचं कारण होत नाही. राज्य देणं लागत होतं? मग त्या देण्याचा हिशेब मांडायला हवा होता. शत्रू डूख धरून होते? मग उघड सुनावणीइतकं त्यांचं तोंड बंद करणारं दुसरं काय होतं? आणि तो आरमाराला हवाच होता, तर निवाडा करून, दंड वसूल करून त्याला पुन्हा समुद्रावर धाडता आलं असतं. राजानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं माफी दिली आणि सँडविचला स्पेनच्या दरबारात राजदूत म्हणून पाठवून दिलं. आपल्याकडे सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा, हा प्रकार त्याला नीट ओळखीचा असतो. प्रकरण अंगाशी आलं की मानाची बदली. फाईल बंद होत नाही, उघडतही नाही.

माद्रिदमध्ये त्यानं काम उत्तम केलं, हेही सांगितलं पाहिजे. १६६७ साली स्पेनशी व्यापाराचा तह, १६६८ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातला समेट, दोन्हींत त्याचा मोठा वाटा. माणूस कर्तबगार होता यात मला कधीच शंका नव्हती.

पण मागे इंग्लंडात काय उरलं होतं? युद्धासाठी पार्लमेंटनं आधी सुमारे २५ लाख पौंड मंजूर केले होते, १६६५ च्या ऑक्टोबरात आणखी साडेबारा लाख. तरी खलाशांच्या हातात नाणं नाही, पगाराऐवजी दिलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन लंडनच्या कचेरीत खेटे घालायचे, पैसे मिळाले नाहीत की दलालाला पडेल भावात विकायची आणि पोरांच्या तोंडी घास घालायचा. खजिन्याच्या या दुरवस्थेला दोन गलबतांची लूट कारण होती असं मी म्हणणार नाही. कर वेळेवर जमा होत नव्हता, प्लेग होता, नंतर लंडनची आग झाली. मात्र चिठ्ठीवर जगणाऱ्या खलाशानं सेनापतीच्या गाड्या पाहिल्या होत्या, आणि त्या सेनापतीला कुणी साधा प्रश्नही विचारला नाही हेही पाहिलं होतं. यातून त्यानं काय समजायचं ते समजलं.

१६६७ च्या जूनमध्ये सेनापती डी रॉयटरचा डच ताफा थेट मेडवे नदीत घुसला. खर्च वाचवायचा म्हणून मोठी इंग्लिश जहाजं तिथे नुसती बांधून ठेवली होती. नदीवरची साखळी तोडली गेली, जहाजं जाळली गेली आणि ‘रॉयल चार्ल्स’, ज्यावरून राजा आला, राणी आली, ते डचांनी ओढून नेलं. त्याच्या पिछाडीवरचं राजचिन्ह आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये भिंतीवर आहे. डच जहाजांवर इंग्लिश खलाशीही होते. आजवर चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता नाण्यांसाठी लढतोय, असं ते ओरडून सांगत असल्याचं पीप्सनं त्याच दिवसांत ऐकलं. लंडनमधल्या वॉपिंगच्या रस्त्यांवर खलाशांच्या बायका ओरडत होत्या की आमच्या नवऱ्यांचे पगार बुडवलेत त्याचं हे फळ आहे.

मग खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं आणि चॅटममधल्या गोदीचा आयुक्त पीटर पेट याला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे कैदेत टाकलं. ज्याच्या मागे बडं घराणं नाही त्याला कोठडी, ज्याच्या मागे आहे त्याला माद्रिद. पार्लमेंट चवताळलं, चौकशी समित्या बसल्या आणि १६६५ चं ते लुटीचं प्रकरण पुन्हा वर आलं. दोन-तीन वर्षं झाली होती. माफीपत्र होतं. तरी प्रश्न तसाच जिवंत, कारण माफीनं शिक्षा टळते, पण घडलं काय ते कुठेच लिहिलं जात नाही. पीप्सलाही आपल्या खरेदीबद्दल उत्तरं द्यावी लागली. सँडविच परत आला तो या धुरळ्यात. वसाहतींच्या मंडळाचं अध्यक्षपद मिळालं, मान मिळाला, पण संशय काही सरला नाही.

इथे मला सँडविचबद्दल खरोखर वाईट वाटतं. १६७२ मध्ये डचांशी पुन्हा युद्ध पेटलं आणि त्याला ताफ्यावर बोलावलं. निघण्यापूर्वी तो मित्र जॉन एव्हलिनला भेटला. एव्हलिननं लिहून ठेवलंय की सँडविचला आपण परतणार नाही असं वाटत होतं. आपली अब्रू वाचवण्यासाठी काहीतरी करायलाच हवं, काय ते ठाऊक नाही, असं तो म्हणाला. २८ मे १६७२ रोजी सफोकच्या किनाऱ्याजवळ सोलबेमध्ये डचांनी इंग्लिश ताफ्याला नांगरावर गाठलं. सँडविचचं ‘रॉयल जेम्स’ शंभर तोफांचं जहाज. ते एकटं पडलं, तासन्‌तास झुंजलं, आणि अखेर डचांच्या आगजहाजानं (पेटवून शत्रूवर सोडलेल्या जहाजानं) त्याला पेटवलं. शेकडो माणसं गेली, त्यात सँडविचचा जावईही होता. काही दिवसांनी हॅरिचजवळ समुद्रात सँडविचचं प्रेत सापडलं, ओळख पटली ती अंगरख्यावरच्या गार्टरच्या ताऱ्यानं. ३ जुलैला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजेशाही इतमामात दफन झालं.

या मरणानं सगळं धुऊन निघालं असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही, आणि ते सँडविचचा द्वेष करतो म्हणून नव्हे. सेहेचाळीस वर्षांचा, दोन राजवटींत निभावून गेलेला, वाटाघाटींत मुरलेला माणूस अब्रू भरून काढायला जहाजावर जातो, याचा अर्थ ती भरून काढायचा दुसरा मार्ग त्याला कुणी ठेवलाच नव्हता. १६६५ मध्ये न्यायालयानं त्याला दोषी ठरवून दंड केला असता, तर दंड भरून तो मोकळा झाला असता. निर्दोष ठरवलं असतं, तर कुजबुज करणाऱ्यांना गप्प बसावं लागलं असतं. माफी आणि बदली यांनी त्याला सात वर्षं टांगून ठेवलं. त्याच्या शौर्याचं कौतुक करणाऱ्यांनी निदान यासाठी तरी त्या माफीवर रागवायला हवं. शिवाय ‘रॉयल जेम्स’वर जे शेकडो मेले त्यांच्यावर कसलाच डाग नव्हता. सेनापतीची अब्रू भरून निघताना त्यांच्या मरणाला काय नाव द्यायचं?

चौकशी अवघडही नव्हती. ग्रिनिचला गाड्या अडवणारे जकात अधिकारी हजर होते. वाटा घेणारा आरमाराचा वरिष्ठ अधिकारी विल्यम पेन इंग्लंडातच होता, वाटा नाकारणारे अधिकारीही होते. पीप्सकडे खरेदीचे आकडे होते. त्यांच्यासमोर तीन प्रश्न ठेवायचे होते: झाकणं कुणाच्या लेखी हुकमानं उघडली, कुणाच्या वाट्याला किती माल गेला, आणि राजाची मंजुरी वाटपाआधी आली की नंतर. नौन्यायालयाचं कामच अशा जहाजांचा निवाडा करणं हे होतं. या प्रकरणासाठी त्याला नवा कायदाही लागत नव्हता. राजानं फक्त मध्ये न पडणं पुरेसं होतं.